बारा फुटांच्या खोलीत चौदा फुटांची होडी

दात कोरून पोट भरत नाही असं म्हणतात, पण आमच्या समोरच्या घरातल्या कवळीवाल्यांचं पस्तीस वर्षं नीट भरलं. ते दातांचे डॉक्टर नव्हते. डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घ्यायचे, साचा डबीत घालून यांच्याकडे पाठवायचे आणि हे त्यावर कवळी घडवून परत धाडायचे. म्हणजे ज्यांच्या तोंडात यांचं काम जन्मभर राहायचं, त्यातल्या बहुतेकांनी यांचं तोंडही पाहिलेलं नसायचं. रस्त्यात कुणी समोरून हसत आलं तर कवळीवाल्यांना त्याचं नाव आठवायचं नाही. पण वरचा डावा सुळा आपल्या हातचा आहे, एवढं दहा पावलांवरून कळायचं.

माझ्या आईची कवळी त्यांनीच केली. तिच्यात पुढचा एक दात त्यांनी मुद्दाम जरासा तिरका बसवला, कारण आईचा मूळचा दात तसा होता आणि शेजारी म्हणून त्यांनी तो वर्षानुवर्षं पाहिला होता. डॉक्टरांनी चूक समजून कवळी परत पाठवली. यांनी ती तशीच पुन्हा पाठवली आणि सोबत चिठ्ठी लिहिली, की एकसारखे दात दाखवायचे असतात, बाईंना खायचे हवे आहेत. आई ती घालून चौदा वर्षं जेवली.

त्यांच्या घराची पुढची बाजू म्हणजे एक लांब खोली आणि तिला रस्त्याच्या अंगाला शटर. मधे प्लायवूडची भिंत घालून तिचे दोन भाग केलेले. शटरकडचा बारा फुटांचा भाग कवळीवाल्यांचा. तिथे साच्यांनी भरलेली फळी, मेणाच्या वड्या, कोरायच्या सळया आणि पॉलिशची मोटर. मागचा भाग त्यांच्या बायकोचा. ती कपडे शिवायची आणि सगळी गल्ली तिला नुसतं ‘बाई’ म्हणायची. अलीकडे मोटरची घरघर, पलीकडे शिलाई मशीनची. दोघांचं निम्मं बोलणं त्या प्लायवूडमधूनच व्हायचं. पलीकडून ‘अहो, चहा’ असं आलं की अलीकडची मोटर थांबायची. असा तीस वर्षं संसार झाला, त्यांची मुलगी शिकली, लग्न करून दुसऱ्या शहरात गेली, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंची घरघर चालूच राहिली.

मग एका बाजूची थांबली. डॉक्टर लोक आता माप कॉम्प्युटरवर घ्यायला लागले होते आणि दात यंत्रातून कोरून यायला लागले होते. कुणी कवळीवाल्यांचा अपमान केला नाही, कुणी भांडलं नाही. फक्त डब्या यायच्या कमी झाल्या, आणि मग यायच्या बंद झाल्या. सुरुवातीला त्यांनी फळ्या आवरल्या. मग बरण्यांना नवी लेबलं लावली. मग शटर अर्धं उघडून ते पेपर वाचत बसायला लागले, आणि पेपर जाहिरातींसकट संपला की तोच पुन्हा पहिल्यापासून. एकसष्ट वय, नजर शाबूत, हात स्थिर, आणि हाताला काम नाही. बाई मला म्हणाली होती, की माणूस आजारी असता तर औषध तरी देता आलं असतं.

अशात एका दुपारी बाईच्या धाकट्या भावाचा फोन आला.

बाईचे वडील नदीवर होडी चालवायचे. पूल नव्हता तेव्हा या काठची माणसं त्या काठाला त्यांनीच नेली. पूल झाला, होडी काठावर आली, पुढे वडीलही गेले. भाऊ नदीजवळच्या जुन्या घरात राहायचा आणि त्याच्या परसात ती होडी एकोणीस वर्षं उपडी पडून होती. आता त्याला तिथे शेड घालायची होती. होडी फोडायची ठरली आहे, तुला एखादी फळी-बिळी आठवण म्हणून हवी का, असं तो बहिणीला विचारत होता. बाईने नको म्हणून सांगितलं आणि फोन ठेवून पुन्हा मशीनवर बसली.

कवळीवाल्यांनी हे सगळं प्लायवूडमधून ऐकलं. दुसऱ्या दिवशी ते काही न सांगता बस पकडून मेहुण्याकडे गेले.

का गेले, हे त्यांना स्वतःलाही सांगता यायचं नाही. होडीत ते जन्मात दोन-तीनदा बसले असतील, तेही लग्नानंतर सासऱ्यांच्या धाकाने, दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून. पोहता येत नव्हतं. पण परसात जाऊन त्यांनी त्या उपड्या होडीवर बोटाच्या पेराने टकटक केलं, जसं साचा वाळलाय का बघायला करायचे, आणि मग खिशातून मेण कोरायची सळई काढून फळ्या टोचायला लागले. मेहुणा शेजारी उभा राहून बघत होता. भावोजींना काय झालंय, हे ताईला विचारावं का, असं त्याच्या मनात आलं, असं त्याने नंतर कबूल केलं. तासाभराने कवळीवाले उठले, गुडघे झाडले आणि म्हणाले, “वरून गेलीय, आतून धड आहे. फोडू नकोस. मी नेतो.”

चार दिवसांनी एका छोट्या ट्रकवरून होडी गल्लीत आली. आम्ही आठ जणांनी ती उचलली आणि शटरमधून आत घेतली, आणि मधेच अडकली. जबड्याच्या मापात केसाइतकी चूक खपवून न घेणारा हा माणूस दोन फुटांनी चुकला होता. त्यांनी होडी चौदा फूट मोजली होती. खोली तीस वर्षं रोजच्या वापरातली, म्हणून ती मोजलीच नव्हती. होडीची दोन फूट शेपटी रस्त्यावर, आम्ही आठ जण घामाघूम, आणि मागे दुधाची गाडी हॉर्न वाजवतेय. कवळीवाल्यांनी इकडेतिकडे पाहिलं, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि प्लायवूडची भिंत काढली.

बाई शिवलेले कपडे पोचवायला गेली होती. ती परत आली तेव्हा तिच्या कापड बेतायच्या टेबलावर होडीचं नाक आलं होतं. ती दारात उभी राहिली. आरडाओरडा तिचा स्वभावच नव्हता. पिशवी खाली ठेवून ती एवढंच म्हणाली, “माझ्या माहेरचं काही आणायचं होतं, तर मला विचारायचं तरी.”

बाईने एक जुनी चादर आणून होडीच्या नाकावर टाकली, टेबल भिंतीकडे सरकवलं आणि काम सुरू केलं. पुढे कितीतरी दिवस त्या घरात मधे भिंत नव्हती, तरी बोलणं भिंत असतानापेक्षा कमी होतं.

कवळीवाल्यांनी मात्र कामाला हात घातला. होडी ठोकळ्यांवर उपडी ठेवून ते जुना रंग आणि डांबर खरवडायला बसले. बोटभर जागा साफ करायची, सळईने टोचून बघायची, मऊ लागलं की तिथलं कुजलेलं लाकूड कोरून काढायचं. जन्मभर खोटे दात केले, आता खऱ्या किडीवर काम करतोय, असं ते मला म्हणाले. खरवडताना रंगाचे थर निघत होते. एकदा ते आपल्याशीच मोठ्याने बोलले, की आधी निळी होती वाटतं. मशीनचा आवाज थांबला आणि चादरीपलीकडून बाई म्हणाली, की निळ्याच्या आधी हिरवी होती, ती सातवीत असताना. एवढंच. मशीन पुन्हा सुरू झालं. पण दुसऱ्या दिवशी निळ्याखालून हिरवा निघाला तेव्हा कवळीवाल्यांनी तो तुकडा तिच्या मशीनशेजारी नेऊन ठेवला, आणि तिने तो फेकला नाही.

सगळं लाकूड बदलणं त्यांना झेपणारं नव्हतं. त्यांनी ठरवलं होतं ते असं, की भोकं बुजवायची आणि वरून फायबरग्लासचं कापड रेझिनने चिकटवून होडीला एक अखंड कवच करायचं. रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर म्हणजे त्यांना घरचंच वाटत होतं; पूड आणि पातळ मिसळून कवळ्या करण्यात आयुष्य गेलेलं. तिथेच घात झाला. कवळीला लागतो चमचाभर माल. यांनी एका उंच प्लास्टिकच्या डब्यात एकदम दीड लिटर कालवला. एवढा माल एका जागी राहिला की आपल्याच उष्णतेने तापत जातो. पाच मिनिटांत डबा हाताला चटका द्यायला लागला, मग धूर निघायला लागला, मग डब्याचा तळ वितळून फरशीवर बसला. कवळीवाले तो गोळा पक्कडीत धरून रस्त्यावर धावत आले आणि अख्ख्या गल्लीने ते पाहिलं. त्या फरशीवर अजून एक मधाच्या रंगाचा गोल डाग आहे.

त्यानंतर ते पसरट ताटात थोडं थोडं कालवायला शिकले. तोंडाला मास्क, हातात मोजे, शटर पूर्ण वर. काचेच्या कापडाची कूस अंगाला लागली की खाज सुटायची. बाहीतून गळ्यापर्यंत जायची आणि गार पाण्याने अंघोळ केल्याशिवाय थांबायची नाही. त्यांचे ते कपडे बाईने वेगळी बादली देऊन वेगळे केले आणि तुमचे तुम्हीच धुवा म्हणून सांगितलं. महिन्याभराने होडीची डावी बाजू पूर्ण झाली. काचेसारखी चमकत होती. त्यांनी आम्हाला बोलावून दाखवली. हात फिरवून बघा, म्हणाले. आम्ही हात फिरवला. त्यांचा चेहरा मी किती दिवसांनी तसा पाहत होतो.

आठ दिवसांनी ऊन तापायला लागलं आणि त्या चकचकीत अंगावर एक फोड आला. मग तीन. मग हाताच्या पंजाएवढी जागा टकटक केल्यावर पोकळ बोलायला लागली. कवळीवाल्यांनी कडेला सुरी घातली आणि जरा उचकटलं, तर पोळलेल्या कातडीसारखा अख्खा पापुद्रा हातात आला. खाली लाकूड काळं आणि ओलसर होतं. एकोणीस वर्षं जमिनीची ओल प्यालेली होडी आतून वाळलीच नव्हती, आणि यांनी ती बंद करून टाकली होती. त्यांनी एका सकाळी महिन्याचं काम ओरबाडून काढलं, त्याचा ढीग केला आणि शटर ओढून घेतलं.

तीन दिवस शटर उघडलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी ते बाईने उघडलं.

त्या सकाळचं बोलणं मला नंतर दोघांकडूनही कळलं, वेगवेगळं, आणि गंमत म्हणजे ते जुळतही होतं. कवळीवाले स्टुलावर बसले होते. ते म्हणाले, की तुझा भाऊ म्हणत होता तेच बरोबर होतं, हात दाखवून अवलक्षण झालं, आता देऊ या टाकून. बाईने होडीच्या नाकावरची चादर काढली, घडी घातली आणि मग बोलली.

“ही मला घरात का नको होती, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.”

“विचारायला हवं होतं,” ते म्हणाले. “सांग.”

“बाबांनी धाकट्याच्या हातात वल्ही दिली आणि माझ्या हातात दोर. मी मोठी असून. होडी काठाला लागली की ओढून धरायची, माणसं उतरली की सोडायची. सात वर्षांची होते तेव्हापासून लग्न होईपर्यंत. एकदा म्हटलं, मला चालवू द्या. तर म्हणाले, तुला काय करायचंय शिकून, तू तर जाणार.”

आपलेच दात, आपलेच ओठ. एवढी वर्षं ती हे कुणाला बोलली नव्हती. भावाला नाही, नवऱ्याला नाही. कवळीवाले स्टुलावरून उठले. मग म्हणाले, की असं असेल तर ती खरंच नको. आजच्या आज हलवतो.

“आता नाही,” बाई म्हणाली. “आता ती माझ्या खोलीत आलीय.”

त्याच दुपारी तिने टाकीवाल्याला बोलावलं. हा माणूस गच्चीवरच्या फुटक्या पाण्याच्या टाक्या फायबर लावून दुरुस्त करायचा, आणि त्याच्या बायकोचे कपडे बाई शिवायची. तो आला, होडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, “होडीला कवळी बसवताय होय काका? मग आधी हिरडी सुकू द्यायची ना.” कवळीवाले तीन दिवसांत पहिल्यांदा हसले. टाकीवाल्याने पिशवीतून प्लास्टिकचा कागद काढला, वीतभर चौकोन कापले आणि चारही कडांना टेप लावून होडीवर सहा ठिकाणी चिकटवले. उद्या सकाळी उघडून बघा, म्हणाला. प्लास्टिकला आतून दव दिसलं तर लाकूड ओलं. ते आपण होऊन सांगेल वाळलो म्हणून, तोवर हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी सहाही चौकोनांत दव होतं. पंखे लावले, शटर दिवसभर उघडं ठेवलं. दर चार दिवसांनी नवे चौकोन. कवळीवाल्यांना वाटायचं की आपण पहिले उठतो. पण ते खाली यायचे तेव्हा बाई आधीच होडीपाशी वाकून प्लास्टिक डोळ्याजवळ धरून उभी असायची. आज मागचे दोन कोरडे, ती सांगायची. किंवा, नाकाजवळ अजून आहे. सहा आठवडे असे गेले. मधल्या वेळात कवळीवाल्यांनी प्रत्येक भोक पुन्हा कोरलं, रेझिनमध्ये लाकडाचा भुसा कालवून बुजवलं आणि इतकं गुळगुळीत घासलं, की जोड कुठे आहे ते बोटाला कळू नये. आता त्या खोलीत बोलणं पुष्कळ व्हायला लागलं होतं. समोरच्या घरातून मला शब्द ऐकू यायचे नाहीत, पण आवाज यायचे, एकदा एकाचा, एकदा दुसऱ्याचा. सहा आठवड्यांनी सहाही चौकोन कोरडे निघाले.

बाजू आता सहज झाल्या. गाडं अडलं ते नाकावर. होडी पुढे निमुळती होत वर वळते, तिथे कापड बसेना. कवळीवाले इकडून दाबायचे तर तिकडे चुणी यायची, आणि चुणीखाली हवा राहिली की ती जागा कमजोर. दोन तुकडे वाया गेले. बाई मशीनवरून बघत होती. शेवटी ती उठून आली.

“तुम्ही सरळ धाग्यात कापताय,” ती म्हणाली. “गळ्याची पट्टी अशी कापली तर बसेल का कधी? उरेब कापा.”

कवळीवाल्यांना उरेब म्हणजे काय हे माहीत नव्हतं; तीस वर्षं प्लायवूडपलीकडे ते रोज चाललेलं असून. बाईने हातरुमाल काढला, आधी सरळ ओढून दाखवला, तो ताणला गेला नाही. मग तिरका, कोपऱ्यातून कोपऱ्यात ओढला, तर तो मऊपणाने वाकला आणि तिच्या मुठीवर चुणी न पडता बसला. मग तिने पेपर घेतला, होडीच्या नाकावर धरून कडा दाबत दाबत नमुना काढला, दोन ठिकाणी चिमटे घेतले. आणि मग आत जाऊन आपली मोठी कात्री आणली. त्या कात्रीची सगळ्या गल्लीला दहशत होती. कात्रीने कागद कापायचा नाही, दोरा तोडायचा नाही, तिच्याकडे बघायचंसुद्धा जपून. कवळीवाले म्हणाले, अगं, काच आहे ती, धार जाईल. बाई म्हणाली, जाऊ दे, धारवाला कशाला आहे. आणि तिने काचेचं कापड एका दमात, न थांबता कापलं.

ते कापड नाकावर असं बसलं, की जणू होडीचं माप घेऊनच विणलं होतं. एका बाजूने कवळीवाले रेझिन लावत गेले, दुसऱ्या बाजूने बाई रोलर फिरवून बुडबुडे काढत गेली. दोघांच्या तोंडाला मास्क, त्यामुळे नुसत्या खुणा. त्या दिवशी दोघांचेही कपडे वेगळ्या बादलीत गेले.

रंग कुठला द्यायचा, हे कवळीवाल्यांनी या वेळी विचारलं. बाई म्हणाली, हिरवा.

उन्हाळा सरत आला तेव्हा आम्ही होडी नदीवर नेली. पुलाच्या खालच्या अंगाला जुना दगडी धक्का अजून होता. बाईचा भाऊ तिथे आधीच येऊन थांबला होता. वडिलांची वल्ही त्याने माळ्यावरून काढून, तेल लावून आणली होती. होडी पाहून तो नुसता तिच्या कडेवरून हात फिरवत राहिला. कवळीवाल्यांना कुणीतरी पाण्यात तरंगायचं नारिंगी जॅकेट दिलं होतं. ते त्यांनी घरातूनच घालून आणलं होतं. होडी पाण्यात उतरली, तरंगली. कवळीवाले आत बसून एकेका जोडावरून बोट फिरवायचे आणि बोट बघायचे. बोट कोरडं निघत होतं.

भाऊ सवयीने आत उतरला आणि वल्ह्यांपाशी बसला. बाई धक्क्यावर उभी होती. कवळीवाल्यांना बोलायचं होतं, पण ते बोलले नाहीत. हे तिचं तिने बोलायचं आहे असं त्यांना वाटलं, असं ते नंतर म्हणाले.

“तिकडे सरक,” बाई भावाला म्हणाली. “मी चालवते.”

“ताई, पाण्याला ओढ आहे.”

“असू दे.”

तो तिच्याकडे बघत राहिला. मग उठला, मागच्या फळीवर जाऊन बसला. बाई होडीत उतरली आणि तिने वल्ही हातात घेतली. सतरा-अठरा वर्षं तिने काठावरून एकेक हात पाहिला होता, पण बघणं वेगळं आणि पाण्यात वल्हं घालणं वेगळं. पहिलं वल्हं नुसतं पाण्यावरून सटकलं आणि ती मागे पडली. भाऊ हसला नाही. तो पुढे वाकला आणि तिचे पाय कुठे टेकवायचे ते दाखवलं, मनगट कसं वळवायचं ते दाखवलं. आणि ते दाखवता दाखवता खालच्या आवाजात म्हणाला, “मला ही नकोच होती ग कधी. हात सोलून निघायचे. शाळा बुडायची. तू काठावर उभी असायचीस, आणि मला वाटायचं, ताईचं बरं आहे.”

बाईचे हात थांबले. होडी प्रवाहाबरोबर थोडी वाहत गेली. दोघं एकमेकांकडे बघत होती आणि कवळीवाले दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून त्या दोघांकडे. मग बाई म्हणाली, की हे आधी सांगायचंस. तो म्हणाला, तू कुठे सांगितलंस. आणि तिने पुन्हा वल्हं पाण्यात घातलं.

त्या दिवशी ती अर्ध्या नदीपर्यंत गेली आणि परत आली. तळहाताला फोड आले. पुढच्या रविवारी ती पलीकडच्या काठाला लागली.

याला आता दीड वर्ष झालं. मधल्या काळात कवळीवाल्यांच्या शटरमध्ये आणखी दोन होड्या येऊन गेल्या. एक भावाच्या ओळखीच्या कोळ्याची, दुसरी नदीकाठच्या शाळेची. दोन्ही बारा फुटांच्या आत आहेत ना, हे त्यांनी आधी फोनवर विचारून घेतलं. कापड बाई कापते. त्यासाठी तिने वेगळी कात्री घेतली आहे आणि तिला हात लावायची कवळीवाल्यांना परवानगी आहे. गल्लीतल्या चार बायका रविवारी सकाळी तिच्याबरोबर नदीवर जातात. त्यातल्या दोघींना आता वल्ही चालवता येतात. कवळीचं काम पुन्हा आलं नाही, आणि कवळीवाले त्याबद्दल फारसं बोलतही नाहीत. कधीतरी गल्लीतल्या कुणाची जुनी कवळी तडकली की ते उन्हात बसून जोडून देतात.

मागच्या आठवड्यात सकाळी मी पुलावरून चाललो होतो. खाली हिरवी होडी दिसली म्हणून कठड्याशी थांबलो. बाई मागच्या फळीवर बसली होती आणि वल्ही कवळीवाल्यांच्या हातात होती. नारिंगी जॅकेट अजून अंगात होतंच. होडी एकाच जागी गोल फिरत होती. उजवा हात जास्त ओढताय, ती सांगत होती. ते मान हलवत होते आणि पुन्हा उजवाच ओढत होते. दोनदा पाणी तिच्या अंगावर उडालं. तिने तोंड पुसलं आणि पुन्हा तेच, तेवढ्याच शांतपणे सांगितलं. मी निघणार तेवढ्यात होडी सरळ झाली. दहा-बारा हात ती अगदी नाकासमोर गेली, आणि कवळीवाले पाण्याकडे न बघता बायकोकडे बघत होते, बरोबर चाललंय ना म्हणून.